लोटननानांचा काटा

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझी साखर बंद केली. रक्तातली नव्हे, चहातली. वजन उतरवा, नाहीतर गुडघे बसतील, म्हणाले. बायकोने मेडिकलमधून गोड गोळ्यांची चपटी डबी आणली, "दिवसातून तीनदा, दोन-दोन" एवढं सांगितलं आणि यावलला माहेरच्या लग्नाला निघून गेली. मी आज्ञाधारक माणूस. आठ दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ जेवणानंतर दोन-दोन गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. चहा बिनसाखरेचा प्यायलो आणि प्रत्येक घोटाला स्वतःच्या निर्धाराचं कौतुक केलं. नवव्या दिवशी ती परत आली तेव्हा मी तक्रार केली की औषध काही लागू पडत नाही, ढेकर तेवढे गोड येतात.

तिने डबी हलवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि अशी हसायला लागली की भिंतीपलीकडच्या वहिनी काय झालं म्हणून विचारायला आल्या. त्यांनाही तिने सांगितलं. हा माणूस तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काढतोय, हेही सांगितलं.

मग डोळे पुसत तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि डबीचं बटण दाबून दाखवलं. टिक. एक गोळी कपात पडली. टिक. दुसरी. "अशा असतात त्या. चहात."

तो टिक आवाज ऐकला आणि माझ्या हातून चहा तसाच राहिला. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, लोटननाना आठवले. तिचं हसू थांबलं.

लोटननानांची पिठाची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. धुळ्यात आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात मी दळणाचा डबा घेऊन गेलो, तेव्हा आत मला कोणी दिसलंच नाही. पांढरी भिंत होती, पांढरी पोती होती आणि त्यांच्यातलाच एक पांढरा बांबू हलला. ते नाना. पापण्यांवर पीठ, कानाच्या केसांत पीठ, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल कुठल्या रंगाचा हे देवालाही माहीत नसावं. कानामागे खडू. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून आवाज असा कमावलेला की गिरणी बंद असतानाही ते ओरडूनच बोलत. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "एक्क्याऐंशी."

मला वाटलं माझा नंबर एक्क्याऐंशीवा आहे. मी म्हटलं, मग मी संध्याकाळी येतो.

रांगेतल्या बाया हसल्या. नानांनी मला खांद्याला धरून काट्यावर उभं केलं. तो जुना लोखंडी काटा होता, खाली जाड पाटा आणि वर दांडी. दांडीवरचं वजन त्यांनी बोटाने सरकवलं. एक्क्याऐंशी. नजरेचा अंदाज असा काट्याला जुळला की चार लोक वाहवा म्हणत. नानांचं दुसरं काही कौतुक कुणी आयुष्यात केलं असेल असं वाटत नाही. त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला ते तोलत. आणि एकदा तोललं की माणसाचं नाव पुसलं जाई. "ए नव्वद, तुमची बाजरी झाली." "साडेचौपन्न, पिशवी आणली का?" काट्यामागच्या निळ्या भिंतीवर खडूने आकडे असत. नावं नसत, तरी आख्ख्या गल्लीला कोणता आकडा कोणाचा ते पाठ.

रागावून कोणी गिरणी बदलली नाही, कारण नाना दळणाला चोख. गिरणीच्या तोंडाला बांधलेली कापडी नळी तीनदा झटकून शेवटची चिमूट गिऱ्हाइकाच्या डब्यात पाडत. दळताना धान्य थोडं कमी भरतं, त्याला घट म्हणतात. दुसऱ्या गिरण्यांत घटीवरून भांडणं होत, नानांकडे नसत. घट हा शब्द ते देवाच्या नावासारखा उच्चारत. जगात जे आत जातं ते सगळं बाहेर येत नाही, थोडं घटीत जातं, यावर त्यांचा विश्वास होता.

मला ते सर म्हणत. मी सर नाही, प्रयोगशाळेत सहायक आहे, पोरांना बाटल्या काढून देतो आणि तराजू पुसतो. पण त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. रांगेत उभं असताना सर म्हणवून घ्यायला बरं वाटतं.

नानांचं बोलणं क्रूर होतं आणि आम्ही त्याला हसायचो. आमच्या वॉर्डातला एक पुढारी निवडून आल्यावर हार घालूनच गिरणीत आला होता. नानांनी हारासकट तोलला. एकशे तेरा. तो म्हणाला, नाना, काटा जुना झालाय. नाना म्हणाले, काटा नवा आणू भाऊ, पोट तेच राहील. त्या दिवशी मी घरी येईपर्यंत हसत होतो.

पलीकडच्या घरातल्या अक्का मात्र वेगळ्या. सत्तरीच्या, दर पंधरवड्याला ज्वारी आणायच्या. त्यांना नाना प्रेमाने तोलत. एकदा चार किलो कमी भरल्या. नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, तुमनी घट जास्त ई ऱ्हायनी." लोक हसले. अक्काही हसल्या. पुढच्या वेळी आणखी तीन कमी. नानांनी खडूने जुना आकडा पुसून नवा लिहिला आणि मान हलवली. दोन महिन्यांत अक्का गेल्या, पोटात गाठ होती. मौतीला आलेल्या लोकांत उभे राहून नाना प्रत्येकाला सांगत होते, मी आधीच सांगितलं होतं. अक्कांचा मुलगा ऐकत होता. नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांचा अंदाज बरोबर आला होता.

स्वतः नाना म्हणजे हाडांची मोळी. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात चार चमचे साखर. रविवारी कागदात जिलेबी. तरी अंगाला कणभर लागत नसे. खाल्लेलं कुठे जातं विचारलं की गिरणीचा पट्टा दाखवून म्हणत, तिकडे.

या माणसाला मुलगी होती वर्षा, आणि ती जाड होती.

आता जाड म्हणजे काय, तर मोठ्या हाडाची, उंच, भरलेली. बायको गेल्यापासून नानांचं घर आणि अर्धी गिरणी तिच्या अंगावर. पन्नास किलोचं पोतं ती पाठीवर घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढायची, तेव्हा नानांना तिच्या वजनाचं काही वाटत नसे. पोतं ठेवून ती वळली की तिच्या खाण्यावर येत, "कितलं खास वं तू." वर्षा बी.कॉम. झाली होती. आमच्या घरी यायची ती कपडे शिवायला, कारण बायको शिलाईचं काम करते. मला काका म्हणायची. कमी बोलायची. एकदा बायकोने तिला विचारलं, तुला नवरा कसा हवा. ती म्हणाली, दुसऱ्या गावचा.

एवढंच तिला हवं होतं. या गिरणीतून बाहेर. कुठल्याही दरवाजाने.

एका तुळशीच्या लग्नानंतर तो दरवाजा उघडला. अमळनेरचं स्थळ आलं. मुलगा जिनिंगमध्ये सुपरवायझर, शांत, चष्मेवाला. वर्षाशी दहा मिनिटं बोलला आणि दोघांनाही एकमेकांशी बोलता येतं असं दोघांच्याही लक्षात आलं. पण मुलाच्या आईने जाता जाता मुलाच्या मामांकडून निरोप ठेवला. मुलगी पसंत आहे, फक्त थोडी उतरायला हवी. साठपर्यंत आली की आखाजीला साखरपुडा करू.

वर्षा तेव्हा नानांच्या काट्यावर सत्तर होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सहा महिने होते.

नाना दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये गेले आणि त्या गोळ्या घेऊन आले. दुकानदाराने सांगितलं होतं, एक गोळी म्हणजे एक चमचा साखर, आणि वजन वाढत नाही. नानांनी त्याचा गिरणीवाल्याचा अर्थ लावला. रांगेला समजावून सांगत होते. साखर आत जाते आणि अंगावर बसते. गोळी आत जाते आणि बसत नाही, उलट बसलेलं घेऊन निघते. "गोड बी लागस, नि घट बी येस." मी रसायनशाळेतला माणूस, मला हसू आलं, पण मी काही बोललो नाही. परवा आठ दिवस गोळ्या गिळल्या तेव्हा कळलं की माझाही समज फार वेगळा नव्हता.

घरातली साखर त्यांनी मोजून बाहेर काढली आणि शेजारी वाटून टाकली. मग सुरू झालं टिक टिक. चहात एक गोळी. आठवड्याने दोन, घट वाढावी म्हणून. मग शिऱ्यात, खिरीत, आमटीत. गोळी पडली की ते पदार्थ निर्दोष. "खा, गोळी घातलीय," म्हणत. वर्षाला भूक लागायची ती लागतच होती, उलट त्या पोकळ गोड चहानंतर जास्तच लागायची. तीन गोळ्यांच्या चहाबरोबर सात खारी जायच्या, कारण चहा तर मोफत झाला होता. रात्री शिरा दोन वाट्या, कारण शिऱ्यात साखर कुठे होती? तूप होतं, रवा होता, त्यांचा हिशेब कोणी मांडला नव्हता. बायको मला म्हणाली, साखर काढली म्हणून भूक निघते होय? हे तिने नानांनाही सांगून पाहिलं. नाना म्हणाले, वहिनी, तुम्ही शिलाई बघा.

दर गुरुवारी सकाळी, रांग भरलेली असताना, नाना गिरणी बंद करत. घरघर थांबली की गल्लीला कळे. वर्षा चपला काढून काट्यावर चढे. नाना दांडीवर वजन सरकवत आणि ओरडून आकडा सांगत. सत्तर. पुढच्या गुरुवारी सत्तर. मग एक्काहत्तर. भिंतीवर तिच्या आकड्यांचा एक उभा खांबच तयार झाला. बायांना गंमत वाटू लागली. काही जणी मुद्दाम गुरुवारी दळण आणत. मी सुद्धा गुरुवारीच जायचो. सुट्टीचा दिवस नव्हता, तरी जायचो.

ती पट्ट्याकडे बघत उभी राहायची. नाना म्हणत, बांगड्या काढ. ती काढायची. नाना म्हणत, कानातलं काढ. तेही काढायची. मग दांडीकडे वाकून बघत आणि म्हणत, काही फरक नाही, हाडांतच आहे. एकदा तिने खालच्या आवाजात म्हटलं की नाना, हे आत करू ना. ते रांगेकडे हात करून म्हणाले, "बठ्ठासले देखू दे. लाज वाटी तवय उतरशी."

संक्रांतीनंतर तिने खाणं सोडलं. गोळ्यांवरचा विश्वास तिचा कधी नव्हताच, तो वडिलांचा होता. ती एक भाकरी खायची आणि उरलेली गायीला घालायची. बुधवारी दुपारपासून पाणीसुद्धा प्यायची नाही, गुरुवारी हलकी भरावी म्हणून. काट्यावर चढायची तेव्हा ओठ पांढरे असत. पिठामुळे ते कुणाच्या लक्षात येत नसे. एका गुरुवारी आली तर वेणी नव्हती. कमरेपर्यंतची वेणी तिने शिलाईच्या कात्रीने मानेपाशी कापली होती. बायकोच्याच कात्रीने. नानांनी तोललं. म्हणाले, पाव किलो. कापायची तर आधीच कापायचीस.

आकडे उतरू लागले. एकोणसत्तर, सदुसष्ट, सहासष्ट. गोळीने काम केलं, असं नाना रांगेला सांगत. दोघा-तिघींनी डब्या विकतही आणल्या. बायको मात्र वर्षाचे कुडते आत घेत होती, प्रत्येक वेळी दोन-दोन बोटं, आणि म्हणत होती, ही पोरगी यांच्या काट्यापेक्षा जास्त उतरलीय. मी म्हटलं, टेप आणि काटा यांत फरक पडतो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

मग आमच्या कॉलेजात तपासणी शिबिर झालं. तिथल्या काट्यावर मी एकोणऐंशी भरलो. आदल्याच आठवड्यात नानांकडे त्र्याऐंशी होतो. एका आठवड्यात चार किलो उतरण्यासारखं मी काही केलं नव्हतं, मी कधीच काही करत नाही. तराजू पुसण्यात आयुष्य गेलेलं, डोक्यात किडा वळवळला. पुढच्या वेळी मी दुकानातून गव्हाची दहा किलोची सीलबंद पिशवी घेतली आणि न फोडता थेट गिरणीत नेऊन काट्यावर ठेवली. साडेदहा.

नाना दांडीकडे बघत होते. मी नानांकडे. दुपारची वेळ, रांग नव्हती, गिरणी चालू होती. मी जवळ जाऊन म्हटलं, नाना, काटा जास्त दाखवतोय. दहाला अर्धा किलो.

त्यांनी गिरणी बंद केली. मी त्यांना पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं.

"माले माहीत शे. काटा मन्हाच शे ना."

"म्हणजे वर्षा..."

"सर," ते मराठी शुद्ध करून म्हणाले, कारण महत्त्वाचं बोलायचं होतं, "काटा एक आहे. लोकांच्या गव्हाला एक आणि माझ्या पोरीला दुसरं, असं दाखवेल का तो? चार माणसांत एकदा कमी लिहिलं, की उद्या चारही माणसं विचारतील, आमचं का नाही. बारा वर्षांच्या दळणाचे जास्तीचे पैसे मागतील."

"पण ती साठला पोचली तरी काटा त्रेसष्ट म्हणेल."

"मग सत्तावन्नला पोचेल. काटा साठ म्हणेल." त्यांनी माझी पिशवी फोडली आणि गहू गिरणीत ओतला. "तुम्ही आता रांगेत थांबत जाऊ नका. तुमचा डबा पहिला."

त्यानंतर माझा डबा पहिला लागू लागला. पुढे कितीही डबे असोत, नाना हात करून माझा ओढून घेत. बायकोला भारी कौतुक. ती गल्लीत सांगायची, आमच्या ह्यांना नाना मान देतात. मी काही म्हणायचो नाही. मनात म्हणायचो, सांगू एखाद्या दिवशी, वर्षाला तरी सांगू. आखाजी लांब आहे.

आखाजी आली. तिच्या आधीच्या गुरुवारी अमळनेरहून मुलाचे मामा न कळवता आले. घरी कुणी नाही म्हणून थेट गिरणीत. गोल चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ. नानांनी त्यांना पोत्यावर बसवलं, चहा मागवला आणि सवयीने त्यात दोन गोळ्या टाकल्या. टिक, टिक. मामांनी एक घोट घेतला आणि पुढचे घोट चेहऱ्यावर काही न दाखवता गिळले. मग रांगेकडे बघून हसत म्हणाले, नाना सगळ्यांना तोलतात असं आम्ही अमळनेरपर्यंत ऐकून आहोत. आमची सूनबाईही होऊन जाऊ द्या आमच्यादेखत.

अकरा माणसं होती रांगेत. मी बारावा, हातात डबा. नानांनी गिरणी बंद केली. वर्षा आतून आली, ओढणी बाजूला ठेवली, चपला काढल्या, काट्यावर चढली. बुधवारचं पाणी ती प्यायलेली नव्हती, हे तिच्या मानेवरून दिसत होतं. यावेळी ती पट्ट्याकडे बघत नव्हती. वडिलांकडे बघत होती.

नानांनी वजन सरकवलं. दांडी वर झाली, खाली झाली आणि थांबली. दांडी थांबल्यावर नाना नेहमी लगेच ओरडत. त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांचा हात दांडीवरच होता. बोटाने थोडं दाबलं असतं तरी चाललं असतं, पण मामा उठून जवळ आले होते आणि आकडा वाचत होते.

त्रेसष्ट.

काटा दहाला अर्धा किलो जास्त दाखवतो, हे गिरणीत ज्यांना माहीत होतं त्यांना माहीत होतं. ती मुलगी त्या क्षणी बरोबर साठ किलोची होती. तिला सांगितलं होतं तेवढीच. गोळ्यांनी नव्हे, उपाशी राहून, तहानेने आणि वेणी कापून. नानांनी दोन शब्द बोलायचे होते, काटा खोटा आहे. मी बोललो असतो तरी चाललं असतं.

मामा म्हणाले, तीनच किलो राहिले, पण आमच्या ताईचं असं आहे की बोलली म्हणजे बोलली. नंतर कळलं की चोपड्याची एक मुलगी त्यांनी आधीच पाहून ठेवली होती आणि तीन किलोचं निमित्त त्यांना बरंच पडलं. पण ते नंतर. त्या वेळी नाना वाट बघत उभे होते, जसं काही काटाच त्यांच्या वतीने बोलेल. मग त्यांनी कानामागचा खडू काढला आणि भिंतीवर लिहिलं, ६३. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कितलं सांगं हिले, ऐकतच नही."

वर्षा काट्यावरून उतरली. मामांना नमस्कार केला. मग गिरणी चालू केली आणि माझा डबा आधी घेतला. बाया पदर सावरत होत्या. दळण झाल्यावर तिने डबा माझ्या हातात दिला तेव्हा घरघरीत फक्त मलाच ऐकू गेलं.

"काका, काटा मी पण रोज वापरते. मला पहिल्यापासून माहीत होतं. नाना कधी बोलतात ते मी बघत होते." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "तुमचा डबा पुढे लागायला लागला तेव्हा कळलं, तुम्हाला पण माहीत झालंय. नानांनी आजपर्यंत उगीच कुणाचा डबा पुढे घेतला नाही."

मी डब्यात हात घातला, पीठ बोटांत चोळलं आणि म्हणालो, "आज जरा जाडं आलंय."

माझ्या आयुष्यात मी अनेक वाक्यं चुकीच्या जागी बोललो आहे. हे त्यातलं पहिलं.

आखाजीला सासरच्या मुली माहेरी येतात. वर्षा त्याच दिवशी माहेर सोडून गेली. एस.टी.ने यावलला, तिच्या स्वतःच्या मामाकडे. केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये हिशेबाला लागली. नानांनी पुढच्या आखाजीला साखर आणली, दोन किलो, सांजोऱ्या करायला शेजारणीला दिली आणि दिवसभर गिरणीच्या पायरीवर बसले. गिरणी बंद होती, बस स्टँडकडून येणारा रस्ता दिसत होता. ती आली नाही. त्याच्या पुढच्या आखाजीलाही नाही. बायको माहेरी जाते तेव्हा तिला भेटते. सांगते, छान आहे, केस वाढलेत, अंगाने पूर्वीसारखी झालीय. तिथे माणसांना कोणी तोलत नाही, केळीच तोलतात.

नाना मात्र तोलत राहिले. फक्त लोक काट्यावर चढायचे थांबले. कोणी ठरवलं नाही, एकेकाने कारण सांगितलं. घाई आहे, चपला चिखलाच्या आहेत. भिंतीवरचे आकडे पिठाने बुजले. नाना नजरेने अंदाज सांगत, पण तपासून बघायला कोणी उभं राहत नसे, म्हणून तो अंदाज बरोबर की चूक ते त्यांनाही कळत नसे. पाकिटातलं पीठ आलं, रांग दोन-तीन डब्यांवर आली. माझा डबा तरीही पहिलाच.

मग त्यांना स्वतःला साखर निघाली. त्या हाडांच्या मोळीला. डॉक्टरांनी साखर बंद करून गोळ्या सांगितल्या. डबी तीच, खिशात. चहात टिक, टिक. नजर गेली, आधी उजवी, मग डावी अर्धी.

गेल्या थंडीत मी दुपारचा गेलो होतो. वीज गेलेली, गिरणी मुकी. आत नाना काट्यावर उभे होते. अनवाणी, टॉवेल काढून ठेवलेला, सदराही काढलेला. बरगड्या मोजता आल्या असत्या. दांडीवरचं वजन चाचपत सरकवत होते आणि आकडा दिसत नव्हता म्हणून वाकून नाक लावत होते. वाकले की दांडी हले आणि पुन्हा सुरुवातीपासून.

माझी चाहूल लागली तसं म्हणाले, "सर का? कितलं शे देखा बरं."

मी वजन सरकवलं. दांडी थांबेपर्यंत आम्ही दोघेही श्वास धरून होतो. मी आकडा वाचला. "एक्कावन्न."

नानांचे ओठ हलले.

"म्हणजे साडेअठ्ठेचाळीस," ते म्हणाले.

इतकं पटकन. खोट्या काट्यातून खरं वजन काढायला त्यांना एक श्वास पुरला. मग ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले, टॉवेल शोधू लागले, आणि वीज आली की तुमचाच डबा पहिला, असं म्हणाले. मी डबा तिथे ठेवला नाही. परत घेऊन आलो. त्यानंतर नाना मला दिसले नाहीत. पौषात गेले. वर्षा दहाव्याला आली होती म्हणतात, मी कॉलेजात होतो.

हे सगळं परवा, त्या दोन गोळ्या चहात विरघळत असताना, मी बायकोला सांगितलं. काट्याचं, सीलबंद पिशवीचं, त्या गुरुवारचं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती. चहावर साय धरली. पलीकडच्या वहिनी केव्हाच निघून गेल्या होत्या. शेवटी तिने कप उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पाठमोरीच म्हणाली,

"म्हणून आपलं दळण पहिलं यायचं होय."